कोल्ड स्टोरेजमधली सातवी चाल

१९ जुलै २०००

पियानो आला! बटाट्याच्या टेम्पोतून आला – वर ताडपत्री, खाली भाताचा पेंढा. मंचरच्या मार्केट यार्डात हमालांनी त्याला कपाट समजून आडवा करायला घेतला, तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडलो की अख्खा यार्ड बघायला लागला.

पुण्यात कॅम्पातल्या कुणा म्हाताऱ्या बाईंकडून उत्तमचंदशेठनी तो विकत घेतला. माझा गिटारवाला दोस्त पारस, त्याचे वडील. याच गृहस्थांनी एकदा पारसची गिटार माळ्यावर टाकून तिच्यावर रिकाम्या गोण्या रचल्या होत्या. 'व्यापाऱ्याच्या पोरानं फडात उभं राहायचं काय?' हे त्यांचे शब्द. आज तेच छत्री धरून उभे – हळू रे, पाय मोडेल त्याचा.

यार्डामागचं त्यांचं जुनं कोल्ड स्टोरेज बंद पडलंय, त्यातली एक खोली आम्हाला दिली. भिंती जाड, आत रस्त्यावरच्या ट्रकचा आवाजसुद्धा येत नाही. वास मात्र बटाट्याचा. तो आता जन्मात जायचा नाही.

पियानो आणि गिटार. दोघंच. ढोलकी नाही, गाणारं कुणी नाही. आमच्या स्वतःच्या सात चाली, जॅझ. कॅम्पातल्या सरांकडे एकत्र शिकत होतो तेव्हापासून पारस आणि मी याबद्दल बोलतोय. पुढे सर वारले. मी ज्या हॉटेलात वाजवायचो ते बंद पडलं. मी पिंपरी पेंढारला परत आलो आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात की-बोर्ड बडवत बसलो. आता वाटतंय, सगळं फुकट गेलं नाही.

शेठचं मन कसं फिरलं, देव जाणे.

२० जुलै

देवाला विचारायची गरज पडली नाही. शेठनीच सांगितलं.

दुकानात गादीवर बसवून चहा दिला. म्हणाले, "आदेशराव, पोरगं दीक्षा घ्यायचं म्हणतंय."

चातुर्मासासाठी जैन स्थानकात महाराजसाहेब आलेत. पारस रोज त्यांच्यापाशी बसतो एवढं मला ठाऊक होतं. दीक्षा म्हणजे घर सुटलं. डोक्याचे केस उपटायचे, अनवाणी गावोगाव चालायचं, भिक्षेवर जेवायचं. विजेचं काही वापरायचं नाही. वाद्याला हात नाही. आईबाप परके. फक्त आईबापांनी आज्ञा दिल्याशिवाय दीक्षा देत नाहीत.

"मी त्याला शब्द दिलाय. तुमचं ते काय आल्बम का काय, ते पुरं कर. मग आज्ञा देतो. एकदा पुरता नाद लागला की कुठं जातोय? तुमी फक्त गुंतवून ठेवा."

उंदराच्या पिंजऱ्यात खोबरं लावतात, तसा हा पियानो. आणि मी?

पारस मला एका शब्दानं बोलला नाही. याचा राग जास्त आला.

२२ जुलै

विचारलं त्याला. तारा बदलत बसला होता, मान वर केली नाही. "सांगणार होतो आद्या. पण तू वाजवायचा थांबला असतास."

कारण काय तर बटाटा! म्हणे, "आमच्या घरात कांदा-बटाटा शिजत नाय. जमिनीखालचं, त्यात जीव असतात. आणि धंदा त्याचाच, ट्रकच्या ट्रक. पप्पांना त्यात काही खुपत नाय. मला लहानपणापासून खुपतंय."

"मग बटाटा सोड. गिटारनं काय घोडं मारलंय?"

"तीच तर सुटत नाय. म्हणून."

मग मला समजावत बसला. साधूनं स्वतः करायचं नाही, दुसऱ्याकडून करवायचं नाही, आणि दुसऱ्यानं केलेलं आवडून घ्यायचं नाही. आवडलं तरी तो दोषच. त्याचं प्रायश्चित्त घ्यावं लागतं.

मी म्हणालो, आवडणं हा गुन्हा असेल तर मला जन्मठेप द्या. हसला. हसताना अजून तसाच दिसतो, डावा डोळा बारीक करून.

३ ऑगस्ट

पहिली चाल झाली. सावळेराम मशीन घेऊन आलाय. तो तमाशाच्या फडांना आणि भीमाशंकरच्या यात्रेला साऊंड लावतो. भिंतींना बारदान ठोकलं. दोघांनी एकदमच वाजवायचं, एकाच टेपवर. मागून जोडाजोड नाही. एक चुकला की दोघांचं गेलं.

सावळेरामनं कानाला हेडफोन लावून सगळी टेप पुन्हा ऐकली. मग म्हणाला, "राव, ही चाल घरातनं निघती आन् कुठं कुठं हिंडती. मला वाटलं हारवली आता. तर बरोबर दारात येऊन हुबी!"

कॅम्पातले सर अख्खं वर्ष हेच सांगत होते. सावळेरामनं दोन वाक्यांत उरकलं.

२७ ऑगस्ट

चौथी झाली. बाहेर धो धो पाऊस आणि आत आमचे आम्ही. इतकं चांगलं मी आयुष्यात वाजवलेलं नाही. तो गिटारवर एक प्रश्न टाकतो, मी उत्तर द्यायच्या आत दुसरा टाकतो.

हे सोडून हा माणूस जाणार?

८ सप्टेंबर

सहाही झाल्या. एकच राहिली.

संवत्सरीला त्यानं सगळ्यांची क्षमा मागितली, माझीही. हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणाला. दरवर्षी म्हणतो, मी दरवर्षी चेष्टा करतो. या वर्षी चेष्टा सुचली नाही. महाराजसाहेबांपुढे नियम घेतलाय म्हणाला – सातवी चाल टेपवर गेली की त्यानंतर वाद्याला हात लावायचा नाही.

म्हणजे सातवी झाली की संपलं.

आणि सातवी झालीच नाही तर?

१२ सप्टेंबर

आज मी चुकलो. मुद्दाम.

चाल हिंडून परत घराकडे वळते तिथे किंचित उशिरा आलो. कुणाला संशय येणार नाही इतकंच. पारस लगेच थांबला. "माझंच चुकलं. मी घाई केली."

मी पुन्हा पहिल्या कॉर्डवर हात ठेवला.

१५ सप्टेंबर

पुन्हा. या वेळी मधल्या कॉर्डमध्ये. चुकायलाही रियाज लागतो – उघड चुकलं तर लगेच कळतं.

२८ सप्टेंबर

शेठनी माझ्या घरी फरसाणाचा पुडा आणि आईला साडी पाठवली. कारण सांगितलं नाही. सांगायची गरजही नाही, आम्ही दोघं एकाच गाडीचे बैल. आई म्हणाली, "शेटजी लई देवमाणूस." मी जेवलो नाही.

आतापर्यंत सातवी किती वेळा बिघडवली ते आठवत नाही. कधी पेडल करकरवलं, कधी शिंकलो. एकदा तर चाल इतकी सुंदर चालली होती की बिघडवताना हात उठेना. शेवटच्या सुराला बोट घसरवलं. सावळेराम म्हणाला, "काय नजर लागली राव या सातवीला! लिंबू उतरवून टाकू का?"

पारस वाळलाय. कोल्ड स्टोरेजची ओल बाधली असेल. मी म्हणालो, डॉक्टरला दाखव. म्हणाला, बरा आहे.

पण तो इथे आहे. रोज येतो, शेजारी बसतो, वाजवतो. मला अजून काय पाहिजे?

६ ऑक्टोबर

 

पारसची बहीण रीना एस्टी स्टँडवर भेटली. म्हणाली, "आदेशदादा, तुमची ती चाल लवकर संपवा ना."

मी विचारलं, का गं?

आता आयंबिलची ओळी, म्हणजे नऊ दिवसांचं व्रत, चालू आहे. त्यांच्यातले पुष्कळजण दिवसातून एकदाच जेवतात. नुसतं उकडलेलं धान्य, तेल-तूप-दूध-साखर काही नाही. रीनाचीही चालू आहे. पण पारसचं ते ओळीच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. सातवी होईपर्यंत आयंबिलच, असा नियम. "आणि ज्या दिवशी चाल बिघडते ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी तेही नाय. नुसतं उकळलेलं पाणी. म्हणतो, माझं मन अजून गिटारीत अडकलंय म्हणून चाल होत नाय. माझाच दोष."

एस्टी आली आणि गेली. मी तिथेच उभा.

प्रत्येक चुकीला एक उपास. मी चुकायचो आणि तो उपाशी राहायचा. मी घरी येऊन भाकरी-कालवण ओरपायचो, झोपायचो, आणि मनात म्हणायचो – आज राखला त्याला.

७ ऑक्टोबर

दसरा. यार्डात वजनकाट्यांना झेंडूच्या माळा. शेठच्या पायाशी जाऊन बसलो. म्हणालो, शेठ, तो उपाशी मरतोय.

त्यांना ठाऊक होतं! पहिल्यापासून ठाऊक होतं.

"उपासानं आमच्यात कुणी मरत न्हाई, आदेशराव. अंग थकलं की मन वळतं." मग आवाज खाली आला. "तो गेला ना, तर समोर दिसला तरी त्याला पोरा म्हणून हाक मारता यायची न्हाई मला. मेलेल्याला निदान रडता येतं. तुमी चालू ठेवा."

मी म्हणालो, माझ्याच्यानं होणार नाही.

त्यांनी मला सोनं दिलं. आपट्याची पानं हातात तशीच चुरगळत घरी आलो.

९ ऑक्टोबर

आज नीट वाजवलं. मनापासून, जसं यायला पाहिजे तसं.

आणि पारसला जमलं नाही.

बोटांत जोरच नाही. तार दाबली जात नव्हती, सूर फाटत होता. मधेच थांबला आणि तळहाताकडे बघत बसला. म्हणाला, "माझाच दोष."

मला सहन झालं नाही. सावळेरामसमोरच सांगून टाकलं – दोष तुझा नाही. मी मुद्दाम चुकत होतो. सातवीच्या पहिल्या दिवसापासून.

त्यानं गिटार खाली ठेवली. नीट, भिंतीला टेकवून. उठला आणि माझ्या थोबाडीत मारली. इतक्या वर्षांत त्यानं मुंगीवरून पाय बाजूला घेतलेला मी पाहिलाय. कानात घंटा वाजली. मला बरंच वाटलं, खरं सांगतो. वाटलं, आता शिव्या देईल, भांडेल, माणसात येईल.

तर तो स्वतःच्या हाताकडे बघायला लागला. चेहरा पांढरा. मग खाली बसला, हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्." मारलं त्यानं, कळ लावली मी, आणि क्षमा कोण मागतोय?

संध्याकाळी रीनाकडून कळलं. हात उगारला म्हणून त्यानं तेला धरलाय. तीन दिवस फक्त उकळलेलं पाणी, बाकी काही नाही.

खोटं बोललो तरी तो उपाशी. खरं बोललो तरी तोच उपाशी.

११ ऑक्टोबर

पिंपरीतच. घराबाहेर पडलो नाही. आई विचारते, गालाला काय झालं. दाढ दुखते म्हणालो. तिनं लवंग दिली.

१४ ऑक्टोबर

सातवी झाली.

पारस आला तेव्हा भिंत धरून चालत होता. तरी आल्या आल्या गिटारच्या सगळ्या तारा सैल केल्या, सूर खाली उतरवला. म्हणाला, "आता दाबता येतील. तू पण खालून वाजव." सबंध चाल खाली आणायची म्हणजे मला सगळ्या कॉर्ड बदलाव्या लागल्या. बदलल्या. हळू वाजवायचं ठरलं.

सुरुवात केली आणि बारदानाचा पडदा हलला. उत्तमचंदशेठ! आजवर या खोलीत कधी आले नव्हते, मुलाला वाजवताना कधी ऐकलं नव्हतं. हातात गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा. सावळेरामनं माझ्याकडे बघितलं, मी सावळेरामकडे. नुसता तो जुडगा खाली पडला असता तरी चाल गेली असती. शेठलाही हे कळत होतं. मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

आम्ही थांबलो नाही. चाल निघाली, लांब गेली. पारस इतका लांब गेला की मला भीती वाटली, आता येत नाही. मी खाली एकच कॉर्ड धरून वाट बघत राहिलो. आणि आला. हळूहळू, खालच्या सुरात, दारापर्यंत.

सावळेरामनं मशीन बंद केलं.

शेठनी मूठ उघडली. किल्ल्यांचे वण तळहातावर उठले होते. "झालं?" त्यांनी विचारलं.

पारस म्हणाला, "झालं, पप्पा."

"मग माझा शब्द आहे." एवढं बोलून निघून गेले. त्यांच्या धोतराचा सोगा दारात खिळ्याला अडकला, तो त्यांनी ओढून तसाच फाडला.

पारसनं गिटार पुसली. माझ्या मांडीवर ठेवली. मला वाजवता येत नाही हे त्याला माहीत आहे.

१८ फेब्रुवारी २००१

आज दीक्षा झाली. गर्दी, मिरवणूक, बँड. उंचावर बसवलेल्या पारसनं नाणी, कपडे, सगळं वाटून टाकलं. शेठ शेवटपर्यंत ताठ उभे होते. पांढऱ्या कपड्यांत बाहेर आला तेव्हा मला क्षणभर कोणता तो ओळखता आलं नाही.

नवीन नाव ठेवलंय. मी ते इथे लिहिणार नाही.

३० जून २००१

कॅसेट निघाली. सातवीला नाव नाही, नुसतं 'सात'. सावळेरामच्या दुकानात ठेवल्यात. लोक उलटसुलट करून बघतात आणि विचारतात, गाणं कुठंय यात?

९ मे २००२

पियानो ओलीनं गेला. पट्ट्या दाबल्या तर वर येत नाहीत. शेठनी यार्डातल्या हमालांना सांगून त्यावर ताडपत्री टाकली. मी पुन्हा लग्नात की-बोर्ड बडवतोय. गिऱ्हाईक 'नागीण' मागतं, मी नागीण देतो.

१० डिसेंबर २००३

रीना माहेरी आलीय. पारसला ती आता दादामहाराज म्हणते. म्हणाली, "दादामहाराजांचा विहार आहे. मंचरला पोचलेत. उद्या सकाळी नारायणगावकडे निघणार."

म्हणजे कळंबवरून जाणार. चालत. नाशिक रोडनं.

कळंबच्या फाट्यावर गेणभाऊचं हॉटेल आहे. त्याच्याकडे आमची कॅसेट आहे, मीच दिलेली. अधूनमधून लावतो. म्हणतो, "ही लावली का गिऱ्हाईक भांडत न्हाई."

११ डिसेंबर

सकाळपासून गेणभाऊकडे बसलो. तीन चहा झाले. ते दिसले – चार साधू, पांढरे कपडे, पुढे बघायचं नाही, पायाखालची जमीन बघत चालायचं. पारस शेवटचा. केवढा बारीक! पायाला भेगा. मी गेणभाऊला म्हणालो, सात लाव. मोठ्यानं.

का लावायला सांगितली? एकदा ऐकावं त्यानं. बस. मला वाटत होतं, तो विसरलाय. मला, गिटार, खोली, सगळं. अडीच-तीन वर्षांत एक निरोप नाही. विसरला असेल तर ते तरी डोळ्यांनी बघावं.

बाकीचे पुढे गेले. हॉटेलासमोर रस्त्यापलीकडे चिंच आहे, तिथे पारस थांबला. वाकून तळपाय बघायला लागला. काटा असावा. मान वर केली नाही. हॉटेलाकडे एकदाही बघितलं नाही. मी बाकावरून उठलो, हाक मारणार होतो – काय म्हणून मारायची? पारस म्हणून चालत नाही आता.

ट्रक जात होते, मधेमधे काही ऐकूही येत नव्हतं. चाल लांब गेली, फिरली, परत घरी आली. तेवढ्यात त्यानं पाय खाली टेकवला आणि निघून गेला.

काटाच असेल. गेणभाऊ म्हणाला, "महाराजांच्या पायात मोडला वाटतं कायतरी." मी कॅसेट काढून खिशात टाकली. तीन वर्षं उगाच छातीशी धरून बसलो होतो. त्याचं कधीच सुटलं होतं. बरं झालं, त्याला पाहिजे होतं ते मिळालं. मला मात्र घरी येईपर्यंत रडू आवरलं नाही.

१२ डिसेंबर

नारायणगावहून रीनाचा फोन. साधूंना भिक्षा वाढायला गेली होती. सगळ्यांनी घेतली, दादामहाराजांनी नाही. आज उपास. तिथी नाही, पर्व नाही. गुरूंकडून काल स्वतः मागून घेतला म्हणे, प्रायश्चित्ताचा.

"त्यांच्या हातून कसली चूक होणार, आदेशदादा?"

माझ्यापायी पुन्हा उपाशी.

आवडली त्याला.